पंप गप्प राहिला पाहिजे

पंप पुन्हा किंचाळला आणि प्लंबरने कपाळाला हात लावला.

“काका, तो कपाळाचा हात आता नळीला लावू नका,” सिस्टर म्हणाली. “धुऊन या.”

चौथ्यांदा हात धुवायला तो बेसिनकडे गेला. सकाळपासून त्याने तीन नळ्या वाया घालवल्या होत्या. पिशवीत औषध नव्हतं, नुसतं मिठाचं पाणी होतं, आणि नळीचं टोक बायकोच्या दंडाऐवजी एका वाडग्यात सोडलेलं होतं. सरावच तो. पण नळीत एवढासा बुडबुडा राहिला तरी खाटेजवळच्या औषध ढकलणाऱ्या पंपाला तो बरोबर सापडायचा, आणि पंप असा गळा काढायचा की शेजारच्या खाटेवरच्या आजी दचकून उठून बसायच्या.

बायकोचं हाडाचं दुखणं उतरणीला लागलं होतं. ताप गेला, चेहऱ्यावर रंग आला, पण दंडातल्या नळीतून औषध मात्र आणखी सहा आठवडे रोज द्यायचं होतं. ते घरी देता येईल, घरातलं एक माणूस नळी भरायला तयार झालं की सुट्टी, असं सिस्टरने रविवारीच सांगितलं होतं. अट एकच, लागोपाठ तीन नळ्या भरायच्या आणि पंप गप्प राहिला पाहिजे.

अट ऐकून तो मिशीत हसला होता. चाळीस वर्षं त्याने पाइपांतली हवाच तर काढली होती. सहा मजल्यांच्या इमारतींना पाणी चढवणाऱ्या माणसाला ही हातभर नळी म्हणजे काय! आज गुरुवार उजाडला तरी तीच हातभर नळी त्याच्या नाकी नऊ आणत होती.

त्याआधीचे तीन आठवडे तर त्याने स्टुलावर बसून काढले होते. डॉक्टर आले की उठायचं, गेले की बसायचं. घरात काहीही मोडलं तरी पहिली हाक त्याला, आणि इथे बायकोच मोडून पडली तर त्याला कुणी पाना उचलायला सांगत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटत होती. तो जेवणही नीट जेवत नव्हता.

“नळीवरचं धार कमीजास्त करायचं चाक परत भसकन उघडलंत,” तो हात पुसत आला तशी सिस्टर म्हणाली.

“जोर दिल्याशिवाय हवा निघते होय? आमच्या पाइपात...”

“हा तुमचा पाइप नाही, काका. इथे जोर दिला की एका बुडबुड्याचे चार होतात.”

खाटेवर बायको खाकरली.

“अहो, लेकीला पहिल्यांदा अंघोळ तुम्ही घातलीत. आठवतं? तेव्हा पाणी कसं सोडलं होतंत?”

“ओंजळीतून. सावकाश.”

“मग?”

त्याने नवी नळी घेतली. आधी चाक बंद केलं. मग नळीचं टोचरं टोक पिशवीत बसवलं, खालची पारदर्शक कुपी दाबून निम्मी भरली आणि चाक जेमतेम केसभर फिरवलं. पाणी इतकं हळू उतरू लागलं की एरवी त्याने कंटाळून शिवी घातली असती. सांध्यापाशी एक बुडबुडा चिकटला. सांधा उलटा धरून त्याने टिचकी मारली. बुडबुडा हलला, रेंगाळला, आणि पाण्याबरोबर वाडग्यात जाऊन फुटला.

पंप सुरू झाला. गप्प.

दुसरी नळी. गप्प. तिसरीच्या वेळी आजीही मान उंच करून बघत होत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

“झालं?” आजी म्हणाल्या. “झोपू का आता?”

वॉर्डभर हशा पिकला. सर्वांत मोठ्याने तोच हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“इथे सही,” सिस्टरने फाइल पुढे केली.

चष्मा लावून तो जागा शोधू लागला. ‘घरी औषध देणारी व्यक्ती’ अशा मथळ्याखाली दोन ओळी होत्या. दुसरी ओळ कोरी होती. पहिलीत त्याच्या बायकोची सही होती, तिची ती वळणदार सही. शेजारी सिस्टरचं अक्षर: सोमवार. तीन नळ्या. एकही बुडबुडा नाही.

त्याने ते दोनदा वाचलं. म्हणजे सोमवारीच तिला घरी जाता आलं असतं.

सिस्टर अचानक कपाटातल्या पट्ट्या नीट रचण्यात गुंतली होती. बायको खाटेच्या कडेला बसून टॉवेलची घडी घालत होती. तिने ती मोडली आणि परत घातली.

त्याने दुसऱ्या ओळीत सही केली. नेहमीपेक्षा जरा मोठी.

“अगं,” तो म्हणाला, “मी भरलेली नळी रोज एकदा डोळ्यांखालून घालत जा. माझी नजर आता कच्ची झालीय.”

“मला बाईला काय कळतंय त्यातलं?” ती म्हणाली.

“तेही खरंच,” तो म्हणाला, आणि हसू मिशीत दाबत खाली वाकून त्याने तिच्या चपला तिच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.