परवापासून बंद

मुद्रितशोधकाला निवृत्त होऊन नऊ वर्षे लोटली होती. परंतु ही वार्ता त्याच्या डोळ्यांना अद्याप कोणी कळवली नव्हती. पत्नीच्या खाटेला अडकवलेला औषधांचा तक्ता तो रोज शेवटच्या टिंबापर्यंत वाचत असे. वॉर्डातल्या सिस्टर त्याला पाठीमागे 'काना-मात्रा' म्हणत.

पत्नीच्या पित्ताशयात खडे होते. शुक्रवारी शस्त्रक्रिया ठरली होती आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी त्याआधी पाच दिवस पोटात जाता कामा नये, असे त्याला त्या मंगळवारी दुपारीच बजावण्यात आले होते. संध्याकाळी सिस्टरने गोळ्यांची वाटी पुढे केली, तेव्हा त्याने तक्ता उचलला. त्या सकाळच्या रकान्यात एकच ओळ होती : 'रक्त पातळ करणारी गोळी परवापासून बंद.'

"यात ती गोळी आहे?"

"आहे की. परवापासून म्हणजे गुरुवारपासून बंद. आज-उद्या घ्यायची."

"परवा मागचा की पुढचा?"

"आजोबा, आता परवाचंही मागचं-पुढचं काढू नका. आठ पेशंट ताटकळलेत."

"अहो, घेऊन टाकते मी," पत्नी म्हणाली. "एवढ्याशा गोळीवरून कशाला..."

"मुळीच नाही!" त्याने वाटीवर हात पालथा घातला. "वाक्याला क्रियापदच नाही. 'केली' असेल तर रविवार, 'करा' असेल तर गुरुवार. आणि गुरुवारी बंद केली, तर शुक्रवारी हिचं रक्त कोण थांबवणार? डॉक्टर येईपर्यंत ही वाटी हलणार नाही."

डॉक्टर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"ती गोळी मी रविवारीच बंद केली. जाता जाता सांगितलं होतं."

"कोणाला?"

"जी ड्यूटीवर होती तिला."

तक्त्यावर रविवार आणि सोमवार या दोन्ही वारांपुढे गोळी दिल्याच्या खुणा ठसठशीत होत्या. डॉक्टर सिस्टरकडे वळले. "मराठी कळत नाही का तुला? सकाळी फोनवर काय सांगितलं मी?"

"'परवापासून बंद, लिहून ठेव.' मी परत विचारलंही होतं, सर, परवापासून? तुम्ही म्हणालात, हो हो, परवापासून."

इतका वेळ तिच्यावर रोखलेला म्हाताऱ्याचा संताप आता योग्य पत्त्यावर पोहोचला.

"तिला मराठी उत्तम कळतं. तिनं तुमचाच शब्द तुम्हाला परत ऐकवला. शब्दच दुतोंडी असेल, तर तो शंभरदा घोकून काय होणार? लग्नपत्रिकेवर 'परवा' छापलं असतं, तर मालकानं मला हाकलून दिलं असतं. आणि तिथं फार तर पाहुणे चुकले असते!"

शेजारच्या खाटेवरून कोणीतरी खाकरले. डॉक्टरांनी नजर खिडकीकडे नेली.

"शुक्रवार आता जमणार नाही. पुढच्या मंगळवारी करू."

"म्हणजे आणखी चार दिवस ही कळ?" पत्नीने विचारले.

मुद्रितशोधकाने खिशातले पेन काढून डॉक्टरांपुढे धरले. डॉक्टरांनी भरभर लिहिले : 'रविवारपासून बंद केली.'

"हे खोडा," तो म्हणाला. "रविवारी ती बंद झालीच नव्हती. हिच्या पोटात गेलेल्या दोन गोळ्या तुमच्या क्रियापदानं बाहेर यायच्या नाहीत. 'आजपासून बंद करावी.' वर तारीख, खाली सही."

डॉक्टरांचा जबडा आवळला गेला. सगळा वॉर्ड पाहत होता. त्यांनी ओळ खोडली आणि सांगितले तसे लिहिले.

"वाचा, ताई," तो सिस्टरला म्हणाला, "आणि मोठ्यानं वाचा."

तिने वाचले, आणि वाटीतली ती गोळी तेवढी उचलून घेतली.