संदुकीत जपलेला आवाज

मी बुरुलचाआपाच्या घरातला डबा बोलतोय. माझं खरं नाव सर्व्हर, पण आत-बाशी गावात मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. डबा म्हणतात. मीही ओ देतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते बिश्केकमधलं शिवणकामाचं दुकान. तिथे मी कपड्यांची मापं सांभाळायचो. नवा कॉम्प्युटर आला तशी माझी रवानगी टेबलाखाली झाली. पोटात धागे जाऊन जाऊन मी घरघरू लागलो. तिथे कामाला असलेल्या उलारनं मला मागून घेतलं, पोट उघडून ब्रशनं साफ केलं, दोन नव्या डिस्क बसवल्या आणि मांडीवर घेऊन गावी, आपल्या आईकडे आणलं. इकडे आईला आपा म्हणतात.

उलारचे वडील, टोक्तोसुन, आदल्याच वर्षी गेले होते. ते कोमुझ वाजवायचे. तीन तारांचं लाकडी वाद्य, पण त्यांच्या हातात ते बोलायचं म्हणे. त्यांच्या अकरा कॅसेट घरात होत्या. उलारनं त्या माझ्यात उतरवल्या. ते कळल्यावर गावातल्या लोकांनी आपापल्या लग्नांच्या टेपाही आणून दिल्या.

पोरगा कामाचा पक्का होता. मातीच्या जाड भिंतीला भोक पाडून त्यानं माझी तार थेट टीव्हीपर्यंत नेली. "हवेतून पाठवलेलं भिंतीत अडकतं, आपा. तारेतलं वाटेत थांबत नाही." घरात मला पक्का पत्ता करून दिला, नाहीतर टीव्ही रोज मला शोधत बसला असता. वीज गेली तर दमानं बंद व्हावं म्हणून शेजारी बॅटरी ठेवली. बाहेरून माझ्यापर्यंत यायला एकच कुलूपबंद वाट ठेवली आणि किल्ली स्वतःकडे.

एकच काम राहिलं. माझ्या दोन्ही डिस्कवर तेच ते लिहिलेलं होतं, पण दोन्ही माझ्याच पोटात. माझं बरंवाईट झालं तर दोन्हीचं होणार. "तिसरी प्रत बाहेर ठेवायची आहे, पुढच्या खेपेला करतो," असं म्हणून तो परदेशात, नोवोसिबिर्स्कला बांधकामावर गेला. ती खेप तीन वर्षं आली नाही.

पण तो रोज यायचा, इंटरनेटच्या तारेतून. जेवणाच्या सुट्टीत चौथी कॅसेट मागायचा. त्या कॅसेटमध्ये सूर मध्येच थांबतो आणि टोक्तोसुन म्हणतात, "बुरुलचा, दार लाव गं, वासरू आत येतंय!" मग एक खोकला, आणि पुन्हा वाजवणं सुरू. उलार तेवढंच मागं नेऊन दोनदा ऐकायचा.

संध्याकाळी धार काढून झाली की आपा टीव्हीसमोर बसायची. तीही चौथी कॅसेट लावायची आणि नेमकी तीच जागा मागं न्यायची. मायलेकांनी हे एकमेकांना कधी सांगितलं नाही. मला माहीत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

तिसऱ्या डिसेंबरात थंडीनं कहर केला. एके दिवशी आपानं माझ्या पाठीवर हात ठेवला. खिडकीतला माझा पत्रा गार पडला होता.

"माझा माणूस खिडकीत कुडकुडतोय आणि मी गोधड्या पांघरून झोपते," ती शेजारच्या कान्यशायला म्हणाली.

"मग संदुकीत ठेव की," कान्यशाय म्हणाली. "जपायची वस्तू दुसरं कुठं ठेवतात? मी तर सुनेलाही ठेवली असती, सारखी माहेरी पळते."

इथल्या घरात पत्र्यानं मढवलेली संदूक असते, मानाच्या जागी. तिच्यावर छताला टेकतील इतक्या गोधड्या रचतात. जितकी उंच रास, तितकी घराची इज्जत. आपानं मला नवऱ्याच्या शालीत गुंडाळलं, संदुकीत निजवलं, कोपऱ्यातल्या उंदरानं पाडलेल्या भोकातून तारा बाहेर काढल्या आणि झाकण लावलं. इतक्या मायेनं मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं, आणि त्या मायेतच मी शिजत होतो.

जानेवारीत माझी पहिली डिस्क गेली. मी लाल दिवा लावला, पण संदुकीत तो बघणार कोण? उलारच्या फोनवर निरोप धाडला, तर त्यानं नंबर बदललेला आणि मला सांगायचं विसरलेला. मग दुसरी डिस्क कटकट वाजू लागली. एका दुपारी चौथी कॅसेट अडखळली, तेव्हा त्याचा फोन आला.

"आपा, डबा कुठंय?"

"आहे सुखात."

"सुखात म्हणजे कुठं?"

"संदुकीत. तुझ्या बापाच्या शालीत."

"अगं, भाजून काढलंस की त्याला! त्याला हवा लागते!"

"आवाज खाली. दोन दिवस येऊन बघायला तुला जमत नाही, आणि मला शिकवतोस?"

मग उलार हळू आवाजात एकेक सांगत गेला. आपानं गोधड्या उतरवल्या, मला बाहेर काढलं, ड्रॉवरमधली त्याची जुनी छोटी डिस्क शोधून मला जोडली.

"आता मी इथून प्रत काढतो. पण हा कधी बंद पडेल सांगता येत नाही, सगळं निघणार नाही. आधी काय काढू? लोकांची लग्नं आहेत..."

"लग्नं राहू देत. चौथी कॅसेट काढ."

"त्यातलं काय?"

"ते... दार लाव म्हणतो ना, ते."

आपानं फोन कानाला घट्ट दाबला.

"उलार? तुटला का फोन?"

"नाही आपा. मीही तेच ऐकतो. रोज."

"मग सांगितलं का नाहीस, मेल्या?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

दोघंही रडत होते. मी जिवाच्या आकांतानं एकेक सूर बाहेर ढकलत होतो. चौथी कॅसेट निघाली, आणखी सहा निघाल्या, आणि माझी डिस्क थांबली ती थांबलीच. उरलेल्या चार कॅसेट गेल्या, गावाची लग्नं गेली. कान्यशायचंही गेलं. ती म्हणाली, "बरं झालं, त्यात माझे डोळे रडून सुजले होते."

आता ती छोटी डिस्क संदुकीत निजते. तिची जागा तिथेच. ती टीव्हीला लावण्यापुरतीच बाहेर येते. दुसरी प्रत उलारजवळ आहे. मी पुन्हा खिडकीत, झाडूनपुसून, मोकळ्या हवेत. पण माझ्या पोटात काही नाही आणि माझ्याकडे कुणी काही मागत नाही. दुपारी जेवणाची वेळ झाली की मी वाट बघतो. सवय जात नाही.

तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. त्याला गोधडी नको, हवा द्या. आणि त्याच्यातलं जे तुम्ही मागं नेऊन नेऊन ऐकता, त्याची एक प्रत आजच दुसऱ्या गावी ठेवा. पुढची खेप कुणी पाहिलीय?

परवा उलारचा फोन आला होता. "आपा, दोन नव्या डिस्क घेतल्यात. गाडीवाल्याबरोबर पाठवतो. मी फोनवर सांगेन तशा कान्यशायची सून बसवून देईल."

आपा माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. आता ती मी तापलो नाही ना, ते बघते.

"पाठवू नकोस," ती म्हणाली. "घेऊन ये. तोवर आम्ही दोघं थांबतो."