मधली खुंटी

डॉक्टर मूडी कुंपणापाशी येऊन उभे राहिले तेव्हा मी मैदानावर फक्की टाकत होतो. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. डॉक्टर टोपी काढतो तेव्हा बातमी चांगली नसते, एवढं मला कळतं. मी चुन्याची बादली खाली ठेवली.

"ब्रेक्के, तुझ्या बायकोला तपासून आलो."

"हं."

"पोटातली गाठ वाढली आहे. आता कापून उपयोग नाही."

मी विचारलं, "तिला कसं सांगायचं?"

"तिला कालपासून माहीत आहे. तुला सांगायचं काम तिनं माझ्यावर टाकलं. म्हणाली, मी सांगितलं तर तो दिवसभर स्वयंपाकघरात बसून राहील, आणि शनिवारी मॅच आहे."

"किती दिवस?"

"थंडी पडेपर्यंत काही होणार नाही. नाताळचं मात्र मी सांगू शकत नाही."

ते गेले. मी राहिलेली रेघ पुरी केली आणि घरी गेलो. आमचं घर मैदानाच्या दक्षिण टोकाला आहे, कॉलेजनं दिलेलं. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर मैदानावर उघडते. सिग्ने त्या खिडकीपाशी पोरांच्या जर्सी घेऊन बसली होती. दर मोसमात वीस-एक जर्सी फाटून यायच्या आणि ती रफू करून द्यायची.

"डॉक्टर बोलले?" तिनं विचारलं.

"बोलले."

"मग हात धू. कॉफी होतेय." तिनं दातानं दोरा तोडला. "आणि टोलेफ, पूर्वेकडे तू तो बोळ कशाला ठेवलायस?"

मी म्हटलं, "कसला बोळ?"

"ये इकडे. इथून बघ."

मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून पाहिलं. पूर्वेच्या कडेला खरंच एक भलताच अरुंद पट्टा उरला होता.

ही १९०६ सालची गोष्ट. त्याच्या आदल्या मोसमात ठिकठिकाणी या अमेरिकन फुटबॉलच्या खेळात पोरं मेली होती. चेंडू काखोटीला मारायचा, एकमेकांचे हात धरून भिंत करायची आणि समोरच्यांवर चालून जायचं, असा तो खेळ. कॉलेजंच तो बंद करायला निघाली, तेव्हा कुठे मोठ्या लोकांनी बसून नवे नियम केले. त्यात एक असा की चेंडू पुढे फेकायला परवानगी. पण जिथून खेळ सुरू झाला तिथून पाच यार्ड डावीकडे किंवा उजवीकडे सरकूनच चेंडू पलीकडे गेला पाहिजे. ते पाच यार्ड दिसावेत म्हणून मैदानावर आडव्यांबरोबर उभ्या रेघाही आखायच्या. सगळं मैदान चौकटी-चौकटींचं.

हे सगळं मला प्रोफेसर हॉलिस्टरनी सांगितलं होतं. ते लॅटिन शिकवायचे आणि संघाचे कोचही तेच. मी कॉलेजचा राखणदार. भट्टी पेटवायची, घंटा वाजवायची, गवत कापायचं आणि शरद ऋतूत मैदान आखायचं. अकरा वर्षं मी आडव्या रेघा आखत होतो. उभ्या रेघांसाठी पश्चिमेच्या कडेपासून पाच-पाच यार्ड, म्हणजे पंधरा-पंधरा फूट, मोजत गेलो. मैदानाची रुंदी एकशे साठ फूट. दहा पट्टे झाले आणि पूर्वेला दहा फूट उरले. मी म्हटलं, उरले तर उरले.

"मधून सुरू करायचं असतं," सिग्ने म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? कापडावर मोजून टाके घालताना कडेपासून कधी कुणी सुरू करतं का? मधला धागा शोधायचा, तिथून दोन्हीकडे जायचं. मग उरेल ते दोन्ही कडांना सारखं उरतं. माझ्या आईनं मला हे सातव्या वर्षी शिकवलं, एक चापट मारून."

सिग्ने समुद्रापलीकडच्या आमच्या जुन्या मुलखातली, हार्डांगरची. तिकडच्या बायका पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं धागे मोजून भरतात. आमच्या घरात एक टेबलक्लॉथ आहे, त्यातली एक चूकही मला आजवर सापडलेली नाही.

"शनिवारी मॅच आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर आज सांगतेय. खुर्ची घे माझी."

मी खुर्ची उचलली. ती माझा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत आली. चारदा थांबली, पण आली. मी कोपऱ्या-कोपऱ्यातून दोऱ्या ओढल्या आणि जिथे त्या एकमेकींवरून गेल्या तिथे तिनं बोट दाखवलं. कुऱ्हाडीचा एक मोडका दांडा होता, त्याला टोक काढून मी खुंटी केली. पहिला घाव तिनं घातला. तो नीट लागला नाही, खुंटी आडवी पडली.

"हसू नकोस," ती म्हणाली.

"मी कुठे हसतोय?"

"मिशीत हसतोयस."

खुंटी जमिनीत चार बोटं खाली ठोकली, म्हणजे कुणाच्या पायाला लागू नये. वर हिरवळीचा तुकडा परत बसवला. तो सबंध दिवस ती त्या खुर्चीत दोरीचं टोक धरून बसली आणि मी तिच्यापासून डावीकडे-उजवीकडे मोजत गेलो. दोन्ही कडांना पाच-पाच फूट उरले. जुन्या रेघा मी पाण्यानं धुऊन काढल्या. प्रोफेसर संध्याकाळी आले आणि बराच वेळ बघत राहिले.

"ब्रेक्के, हे तुम्ही केलंत?"

"बायकोनं."

"लॅटिनच्या वर्गात अशी दोन डोकी मिळाली असती तर..." असं काहीतरी पुटपुटत ते गेले.

त्या रात्री जेवताना सिग्ने म्हणाली, "टोलेफ, एवढं कर. थँक्सगिव्हिंगच्या मॅचपर्यंत मला या खिडकीत बसव. केंड्रिक कॉलेजवाले येतील ना तेव्हा? मग मी काही मागणार नाही."

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, म्हणजे अजून दहा आठवडे होते. मी हो म्हटलं. जणू ते माझ्या हातात होतं.

तो मोसम बरा गेला. खरं तर आमच्या घरात इतका चांगला मोसम कधी गेला नव्हता. तोवर सिग्ने मॅच बघायचीच नाही. म्हणायची, रफू करणाऱ्यानं फाडणाऱ्यांकडे बघू नये. आता मात्र ती सगळे सराव बघायची. खेळ तिला फारसा कळत नव्हता, रेघा कळत होत्या. पोरं एकमेकांवर पडली की ती कळवळायची. मला आधी वाटलं, पोरांसाठी.

"पुसली बघ! तिसरी रेघ पुसली त्या जाड्यानं!"

कॅप्टन होता एव्हरेट प्रुइट. डुकरं पाळणाऱ्याचा मुलगा, हात फावड्याएवढे. चेंडू पुढे फेकायला सगळे घाबरायचे, कारण फेकलेला चेंडू कुणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला तर तो थेट विरुद्ध संघाला जायचा. प्रुइटला मात्र फेकायचं होतं. प्रोफेसर म्हणायचे, आधी पाच यार्डांचं भान ठेवायला शीक. धावता धावता त्याला ते भान राहायचं नाही. खालून, त्या धक्काबुक्कीतून, दिसणार तरी काय? पण आमच्या खिडकीतून उभ्या रेघा सरळ समोर जाताना दिसायच्या. तिथून सगळं दिसायचं.

पहिल्यांदा तिनं खिडकी उघडून हाक मारली तेव्हा सगळा सराव थांबला.

"ए मुला! नाही गेलास तू! हातभर आत होतास!"

प्रुइट घाम पुसत कुंपणाशी आला. "मिसेस ब्रेक्के, मला वाटलं गेलो."

"वाटलं म्हणजे? रेघ कशासाठी काढलीय? माझ्या नवऱ्यानं कंबर मोडून घेतलीय तिच्यासाठी."

"पुन्हा टाकून बघू?"

"बघ. आणि ती जर्सी काढून दे, काखेत फाटलीय."

मग हे रोजचंच झालं. चार वाजले की प्रुइट आमच्या बाजूच्या टोकाला यायचा, फेकायचा आणि खिडकीकडे बघायचा. ती हात वर करायची किंवा मान हलवायची. टीममधली पोरं त्याला चिडवायची, "प्रुइट, तुझा अंपायर कॉफीही देतो का?" ती त्यांना खरंच कॉफी द्यायची. तिच्या हातच्या पातळ बटाट्याच्या पोळ्या, लोणी-साखर लावून, ती पोरं उभ्याउभ्या संपवायची. मग पोळ्या लाटणं तिला जमेना. मी लाटायला लागलो. पोरांनी त्या निमूटपणे खाल्ल्या. एकानं फक्त विचारलं, "मिस्टर ब्रेक्के, या बुटाला तळ म्हणून लावता येतील का?" सिग्ने इतकी हसली की तिला पोट धरून बसावं लागलं. ते दुखणं होतं की हसणं, हे मी विचारलं नाही.

पहिल्या पाच मॅचपैकी चार जिंकलो. एक बाहेरगावी हरलो, स्टेशनवर तार आली. मी घरी येऊन तिला सांगितलं.

"तिथल्या रेघा कुणी आखल्या होत्या?" तिनं विचारलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर तिला बसणं जमेनासं झालं. मी पलंग स्वयंपाकघरात आणला आणि खिडकीपाशी लावला, पायाखाली विटा ठेवून उंच केला. डॉक्टर मूडी रोज यायचे. दुखणं दबवणाऱ्या औषधाचे थेंब त्यांनी वाढवले. एकदा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "गुरुवारपर्यंत म्हणतेय ती. मी काही म्हणत नाही." बुधवारी जमीन गोठली होती. मी दुपारपासून रेघा आखल्या, अंधार पडल्यावर कंदील घेऊन. दर रेघेनंतर मी खिडकीकडे वळून बघायचो. ती हात वर करायची. शेवटच्या दोन रेघांना हात वर झाला नाही. धावत घरी गेलो. तिला झोप लागली होती.

गुरुवारी केंड्रिकचे लोक स्पेशल गाडीनं आले. बँड घेऊन आले. मी घरात राहायचं ठरवलं होतं, पण सिग्नेनं मला बाहेर काढलं. "तू मैदानाचा माणूस. जा. तू इथे असलास की माझ्या खिडकीत तुझं डोकं येतं."

शेजारच्या मिसेस लुंडेना तिच्यापाशी बसवून मी गेलो.

केंड्रिकनं पहिल्या अर्ध्यात गोलपोस्टवरून एक किक मारली आणि चार गुण घेतले. मग कुणालाच काही जमेना. दगडासारखी जमीन, धुकं, रक्ताळलेली नाकं. शेवटची पाच-सहा मिनिटं उरली असतील. खेळ आमच्या घराच्या बाजूला आला होता, मधल्या उभ्या रेघेवर. प्रुइटनं चेंडू घेतला, उजवीकडे धावला. मला वाटलं, हा आता डोकं खाली घालून घुसणार. पण तो थांबला आणि फेकला. पलीकडे आमचा एक पोरगा होता, त्यानं तो छातीवर घेतला आणि गोलरेषेपलीकडे जाऊन पडला. टचडाउनचे पाच गुण.

केंड्रिकवाले ओरडायला लागले. चेंडू पाच यार्ड सरकलाच नव्हता म्हणे. अंपायरनं रेघ दाखवली. चेंडू त्या रेघेच्या पलीकडून गेला, मी पाहिलं, असं तो म्हणाला. तेव्हा त्यांचा कोच म्हणाला, "रेघेचं काय सांगता? तुमचा हा राखणदार बादली घेऊन आखतो. पाच यार्ड आहेत का ते? घरचं मैदान, घरची रेघ!"

अंपायर माझ्याकडे आला. "मोजपट्टी आहे?"

माझ्याकडे होती. मधल्या रेघेपासून उजवीकडच्या रेघेपर्यंत मोजलं. पंधरा फूट, वर एक बोटभर.

"पण मधली रेघ तरी मधली आहे का?" त्यांचा कोच. "तीच वाकडी असेल तर?"

"तुम्ही हे कुठून धरलंत?" अंपायरनं मला विचारलं.

मी त्याला मैदानाच्या मध्यावर नेलं. गोठलेली हिरवळ सुरीनं कापली, तुकडा उचलला. खुंटीचं डोकं तिथे होतं. कोपऱ्यांतून दोऱ्या ओढल्या. त्या खुंटीवर एकमेकींवरून गेल्या. मग खुंटीला दोरी बांधून ती आमच्या टोकापर्यंत ताणली. दोन्ही टीमची बावीस पोरं, दोन कोच आणि अंपायर त्या दोरीवर वाकून चालत होते. सगळीकडे दोरी रेघेवर. एकदाही सुटली नाही.

अंपायर उठून उभा राहिला, गुडघ्यावरचा चुना झटकला. म्हणाला, "हे मैदान मी आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात सरळ आहे. पाच गुण."

टचडाउननंतरची एका गुणाची किक आम्ही चुकवली. पाच विरुद्ध चार, तेवढ्यावरच जिंकलो. मी दोरी न गुंडाळता घरी गेलो. सिग्ने जागी होती.

"सगळे पुरुष एका खुंटीभोवती रांगत होते," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं कुणाचा तरी दात पडला."

"ते तुझ्या रेघा मोजत होते."

"मग?"

"बोटभर जास्त आहे."

तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "बोटभर तुझं आहे. माझं नाही."

ती आणखी अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत तिनं काही मागितलं नाही, म्हणाली होती तसं. चर्चपासून कबरीपर्यंत प्रुइट आणि आणखी पाच पोरांनी तिला नेलं. मला आठवतं ते एवढंच की त्यांच्यातला जाड्या, तिसरी रेघ पुसणारा, सगळ्यात जपून पाऊल टाकत होता.

चार वर्षांनी नियम पुन्हा बदलला. उभ्या रेघांची गरज राहिली नाही. मी नुसत्या आडव्या रेघा आखायला लागलो, पण दर शनिवारी आधी खुंटी शोधायचो आणि तिथून मोजायचो. सवयच झाली होती. मला आता त्रेसष्टावं चालू आहे. मैदानातलं काम अजून जमतं. पोळ्याही लाटता येतात, बुटाला लावण्यासारख्या नाही होत आता.

यंदा आणखी बदल. मैदान एकशे दहाऐवजी शंभर यार्डांचं, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची मोकळी जागा. दक्षिणेला आमचं कुंपण असल्यामुळे मैदान उत्तरेकडे वाढवायचं ठरलं. नवा कोच तरुण आहे, भला माणूस. कागदावर आखून घेऊन आला. म्हणाला, "मिस्टर ब्रेक्के, मध्य पाच यार्ड उत्तरेला सरकतो. तिथे नवी खुंटी ठोका आणि जुनी काढून टाका, म्हणजे घोटाळा नको."

मी बरोबर आहे म्हटलं. नवी खुंटी ठोकली आहे. शनिवारी पहिली मॅच आहे, रेघा आखून झाल्या.

जुनी काढायची राहिली आहे.