रिकाम्या चेंबरमधला उजेड

चेंबर रिकामं होतं. पंपाने तीन दिवस त्यातली हवा ओढून काढली होती, गॅसची बाटलीही बंद होती, आणि तरीही उजेड मोजणारं यंत्र टकटक करत होतं.

आरफाचं काम सांगायला सोपं, करायला जिकिरीचं. निर्वात चेंबरमध्ये मिथेन सोडायचा, त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारायचा, आणि रेणू फुटताना जो अगदी मंद उजेड पडतो तो मोजायचा. पण त्याआधी नुसता झोत मारून रिकाम्या चेंबरचं माप शून्याला टेकलं पाहिजे, नाहीतर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. सोमवारी पुण्याहून तिचे मार्गदर्शक सर येणार होते. शेवटचं माप त्यांच्यासमोर घ्यायचं होतं.

हा उजेड निळा-जांभळा होता. कुणाचा तरी उघडा हात आत लागला की बोटांचं तेल चिकटून राहतं, आणि झोत पडला की तेच फुटून उजळतं. असला गलथानपणा करणाऱ्याला आरफाने मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मग चुंबकाने सरकवत सरकवत झोत तळाच्या स्टीलच्या प्लेटवर फिरवला. जिथे उजेड पडेल तिथे संगणक पडद्यावर ठिपका टाकत गेला. अर्ध्या तासात चार बोटं उमटली. मधलं बोट एका पेराने आखूड होतं.

पाचवी शिवी घशातच राहिली. ती प्लेट जुन्नरला तिच्या अब्बांनी, सत्तार मिस्तरींनी, स्वतःच्या लेथवर काढली होती. काम झालं की हातमोजा काढून ते कडेवरून बोटं फिरवायचे, कुठे खरखर राहिली का बघायचे. कुणी कितीही सांगा, बोटांइतका विश्वास त्यांचा कशावरच नव्हता. त्यांना जाऊन सात महिने झाले होते.

खरं तर प्लेट काढून, धुऊन, तापवली की डाग गेला असता. आरफाने तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी खिडक्यांना काळं कापड लावून तिने बोटं पुन्हा बघितली. तिसऱ्या दिवशीही, चौथ्या दिवशीही. भरदुपारी दार आतून लावून ती पडद्याशी बोलत बसायची. त्याची तिला लाज नव्हती, भीती मात्र वाटायची. कुणीतरी पाठीमागे उभं राहून आपलं काम तपासतंय असं वाटायचं, आणि वळून बघायचा धीर होत नसे.

शनिवारी तिने अम्मीला बोलावून घेतलं. दिलशाद सकाळच्या एसटीने आली, आणि पडदा बघून तिने ओढणी तोंडावर धरली.

"ह्ये त्येंचंच हाय," ती म्हणाली. "पन उजेड कशाचा?"

"त्यांच्या बोटांचं तेल फुटतं, अम्मी. त्याचा."

"फुटल्यावर मागं ऱ्हातं का काय?"

आरफाने मापांची वही पुढे ओढली. पहिल्या दिवशी सेकंदाला नऊशे ठोक्यांचं माप आलं होतं, आज जेमतेम चाळीस. धुवायला हात धजेना म्हणून ती रोज बघत राहिली होती, आणि बघून बघूनच तिने तो हात जाळत आणला होता. आकडे रोज तिच्यासमोर उतरत होते. शिकलीसवरलेली पोर, पण मायेपुढे आकड्यांना कोण विचारतं.

"आपल्यात जाळत न्हाईत, पोरी," दिलशाद हळूच म्हणाली. "लेथमधी त्येंचं पेर तुटलं, तवा त्येबी कबरस्तानात पुरलं व्हतं. पांढऱ्या कापडात मीच गुंडाळलं. उरलंय तेवढं दे मला. त्येंच्याशेजारी ठिवू."

"प्लेट दिली तर सोमवारी माप कशावर घेऊ? नवी करायला महिना जाईल. सर थांबायचे नाहीत."

शेवटचं एकदा बघू म्हणून आरफाने झोत लावला. तर्जनी विझली, मग अनामिका, मग करंगळी, शेवटी ते आखूड बोटही. माप शून्याला टेकलं. सोमवारचं काम फत्ते झालं होतं, द्यायला काही उरलं नव्हतं. आरफाला रडू फुटलं.

तेवढ्यात यंत्र टकटकलं. आखूड बोट जिथे संपायचं त्याच्या वर, जिथे एकदाही काही दिसलं नव्हतं, तिथे एक ठिपका आला. मग दुसरा, मग दहा. एका पेराएवढा उजेड, सेकंदाला नऊशे.

दिलशादने पडद्याला हात लावला नाही. "ह्ये तर मी पुरलं व्हतं," ती म्हणाली. "बंद कर, आरफा. त्येला जाळू नको."

आरफाने झोत बंद केला, चेंबरची झडप उघडली आणि हवा आत भरेपर्यंत अम्मीचा हात धरून बसली. मग दोघींनी उघड्या हातांनी प्लेट बाहेर काढली.