कोशाच्या रानातली इटालियन

दिव्यानी आयुष्यात खऱ्याखुऱ्या इटालियन माणसाशी जे पहिलं वाक्य बोलली ते होतं, "साहेब, आधी आंघोळ करून घ्या."

नागपूरला विद्यापीठात ती दोन वर्षं 'व्यापारी संवादासाठी इटालियन' शिकली होती. हात कसा मिळवावा, भावतावाची गोष्ट कधी काढावी, जेवताना धंद्याचं बोलावं की नाही, सगळं रीता मॅडमनी वर्गात घोटून घेतलं होतं. गिऱ्हाइकाला तलावावर नेऊन आंघोळीला बसवायचा धडा मात्र पुस्तकात नव्हता. पण शेजारी बाप उभा होता. बापाचं म्हणणं एकच. पाहुण्याच्या अंगाले सेंटाचा वास येऊन राह्यला, असा माणूस कोशाच्या रानात जाणार नाई. मग जीभ चावत का होईना, तिला बोलावंच लागलं.

सिन्योर ब्राम्बिल्ला सत्तरीला टेकलेले होते. कोमो नावाच्या गावचे, पिढीजात रेशीमवाले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या बापाकडे, मुखरूकडे पाहिलं, आणि निमूटपणे सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली. अर्ध्या गावासमोर तो लालबुंद म्हातारा तलावात उतरला, तीन बुड्या मारल्या आणि मुखरूचं धुतलेलं धोतर कसंबसं गुंडाळून अनवाणी वर आला. जीपवाल्याची हसून हसून मुरकुंडी वळली. मुखरू मात्र हसला नाही. त्याला माणूस पसंत पडला होता.

मुखरू जातीचा ढीवर. पोंभुर्ण्याकडच्या या टोल्यावरचे, म्हणजे वस्तीवरचे ढीवर वर्षभर तलावात जाळं टाकतात आणि पाऊस सरता सरता रानात कोसा राखतात. ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या सोडायच्या, पाखरामुंग्यांपासून त्यांना जपायचं आणि त्या कोसले विणून बसल्या की उतरवायचे. पण चार साल झाले, बाहेरचं स्वस्त सूत बाजारात आलं आणि या कोशाला कुणी विचारेना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्याजाणत्या मनसारामभाऊच्या अंगणात सगळे बसले आणि ठरलं. यंदा गिऱ्हाईक लागलं तर ठीक, नाहीतर पुढच्या साली अळ्यांचं बीज धरायचं नाही. जवान पोरं तशीही घुग्घुसला कोळशावर जातच होती. आणि कोशाचं बीज असं की एक साल धरलं नाही तर ते गेलंच. आज्यापणज्यापासून चालत आलेली ओळ तिथंच तुटणार होती.

नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं ब्राम्बिल्लांना कोशाचा नमुना दाखवला, तेव्हा हा हट्टी म्हातारा म्हणाला, झाडावर पाहिल्याशिवाय मी घेत नाही. दुभाष्या शोधत तो व्यापारी विद्यापीठात गेला. रीता मॅडम म्हणाल्या, "अहो, आमच्या वर्गात ढिवराचीच पोरगी आहे की!" निघताना त्यांनी तिला बजावलं, "हे बघ, दुभाष्यानं पदरचा एक शब्द घालायचा नाही. जे कानावर पडेल तेच तोंडातून निघालं पाहिजे."

आंघोळीनंतर दुसरी पंचाईत उभी राहिली. कोशाच्या दिवसांत बाईमाणसानं त्या रानात जायचं नाही. दिव्यानीची माय सुगंधाबाई लग्न होऊन या गावात आली ती आता म्हातारी व्हायला आली, पण मुखरूची भाकर ती रानाच्या पाळीपर्यंत, कडेच्या बांधापर्यंत न्यायची, दगडावर ठेवायची आणि परत फिरायची. रानात काय आहे ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. दिव्यानीनंही नाही.

"पोरगी कशी जाईल आत?" मुखरू म्हणाला.

मनसारामभाऊ गावातला सगळ्यात जुना कोसेवाला. त्यानं पाहुण्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "बिना तोंडाचा पाहुणा आत नेऊन काय करसान? तिले बाई काऊन समजता? ते पाहुण्याचं तोंड हाये. आंघोळ करू द्या न् येऊ द्या."

अशा रीतीनं दिव्यानी, ओल्या केसांनी, उपाशी पोटी, अनवाणी, आपल्या बापाच्या रानात पहिल्यांदा शिरली.

आधी तिला वाटलं, पाऊस पडतोय. वर पाहिलं तर आभाळ निळंशार. पानापानांतून बारीक सरीसारखा आवाज येत होता आणि अंगावर थेंब एकही नव्हता. मग नजर बसली. पानांसारख्याच हिरव्या, बोटाएवढ्या जाड अळ्या, फांदीफांदीला, झाडाझाडाला, हजारोंनी, आणि सगळ्या खात होत्या. तो त्यांच्या खाण्याचा आवाज होता. उन्हात त्यांची अंगं आरपार उजळत होती, बाजूला चांदीसारखा एकेक ठिपका. एक अळी तिच्या डोळ्यांसमोर तोंड हलवत स्वतःभोवती धागा गुंडाळत होती आणि हळूहळू त्या धाग्यामागे दिसेनाशी होत होती. दिव्यानीच्या अंगावर काटा आला. ज्या बापाला ती जन्मभर माशांचा वास येणारा गरीब माणूस समजत आली, तो दर साली या अशा जागी राहत होता, आणि घरी येऊन कधी एका शब्दानं बोलला नव्हता.

ब्राम्बिल्लांनी हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप जोडले. मग हळूच विचारलं, "पीक कसं आहे यंदा?"

दिव्यानीनं बापाला विचारलं.

मुखरू जमिनीकडे पाहत म्हणाला, "काई नाई जी. गेलं सारं. खराब हाये."

"रोग लागलाय?" दिव्यानीनं विचारलं.

"रोगच म्हणा ना. काई खरं नाई यंदाचं."

मनसारामभाऊनंही मान हलवली. "सडलं पुरं."

कानावर पडलं ते तोंडातून काढायचं. दिव्यानीनं शब्दाला शब्द लावून सांगितलं. सांगून होईपर्यंत तिच्या काही ध्यानातच आलं नाही, कारण तिचे डोळे अजून झाडांवर होते. भानावर आली तेव्हा ब्राम्बिल्लांचा चेहरा उतरला होता.

"माझ्या पणज्याच्या वेळी," ते म्हणाले, "आमच्या मुलखात असाच रोग आला. अळ्या बाहेरून अशाच तुकतुकीत दिसायच्या आणि आतून मेलेल्या असायच्या. गावंच्या गावं बसली. बरं झालं, या लोकांनी खरं सांगितलं." आणि ते माघारी वळले.

मुखरू आणि मनसारामभाऊ समाधानानं उभे होते. त्यांच्या मते बोलणं रीतीप्रमाणे झालं होतं. दिव्यानीला मात्र आत्ता उमगलं. कोशाच्या रानात उभं राहून पीक चांगलं आहे असं कुणी म्हणत नाही. म्हटलं की दृष्ट लागते, असं लहान पोरगंही जाणतं. पीक जितकं भरलेलं, तितकं ढीवर त्याला वाईट म्हणणार. हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, आणि विद्यापीठातली शहाणी तेच साफ विसरून बसली होती!

आता खरं सांगायचं तर पदरचं घालावं लागणार, ते मॅडमना चालायचं नाही. आणि रानात उभं राहून पिकाची तारीफ करावी लागणार, ते बापाला चालायचं नाही. बाहेर नेऊन सांगावं तर म्हातारा जीपमध्ये बसला की संपलं. तिनं झाडांकडे पाहिलं. तिला खरोखरच भीती वाटली. या रानाला इटालियन कळत असेल का?

"सिन्योरे," ती हाक मारून म्हणाली, "थांबा. ते खोटं आहे."

मग तिनं आवाज अगदी खाली आणला आणि बोलू लागली. जवळ शब्द होते ते सगळे पुस्तकी, मालाचा दर्जा, नमुना, पुरवठा, असले. त्यातूनच तिनं सांगितलं, की हे पीक उत्तम आहे, कित्येक सालांत असं आलं नसेल. माझा बाप ते वाईट म्हणतो, कारण त्याला ते फार प्यारं आहे. चांगलं म्हटलं तर काहीतरी वाईट होतं, कुणाचे तरी डोळे... इथं तिचे शब्द संपले. दृष्ट लागणं वर्गात कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं, मग झाडाकडे.

"मालोक्कियो," ब्राम्बिल्ला पुटपुटले.

त्यांच्याकडे त्याला शब्द होता! सात समुद्रांपलीकडे कुणालातरी ह्याच गोष्टीची भीती वाटत होती आणि त्यांनी तिला नाव देऊन ठेवलं होतं. दिव्यानीला वाटलं, दोन वर्षं आपण भाषा शिकतच नव्हतो, ती आत्ता या घटकेला सुरू झाली.

म्हातारा तिथंच खाली बसला. "माझी आजी," तो म्हणाला, "रेशमाची अंडी पुरचुंडीत बांधून उराशी धरायची, ऊब मिळावी म्हणून. आमच्याकडे ते बायकांचंच काम. आणि कुणी विचारलं तर म्हणायची, यंदा काही उरणार नाही. मी कसा विसरलो?"

दिव्यानीनं ते बापाला सांगितलं. मनसारामभाऊचं तोंड उघडंच राहिलं. "बाईच्या उरापाशी?" त्यानं पुन्हा विचारलं. "न् अंडी फुटत होती?" पाहुण्यानं मान डोलावली. मनसारामभाऊ कितीतरी वेळ पाळीच्या दिशेला, त्या भाकरीच्या दगडाकडे पाहत राहिला.

"तू मघा काय सांगतलं त्याले?" मुखरूनं विचारलं.

दिव्यानी ओल्या केसांतलं पाणी पिळू लागली. मुखरूनं पाहुण्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला समजायचं ते समजलं. त्यानं वर झाडांकडे पाहिलं. अळ्या खात होत्या, रान तसंच वाजत होतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

ब्राम्बिल्ला उठले. सगळा कोसा घेतो म्हणाले, पुढच्या सालचाही, बीज मात्र मोडू नका. दिव्यानीनं ते सांगितलं तेव्हा मनसारामभाऊ आनंदानं म्हणाला, "बेकार माल हाये जी, पस्तावसान!" या वेळी तिनं तेही शब्दाला शब्द सांगितलं, आणि म्हातारा खदखदून हसला.

पाळीवर आल्यावर ब्राम्बिल्लांनी मुखरूचा हात धरला आणि काहीतरी विचारलं. दिव्यानी अडखळली.

"काय म्हणते?"

"विचारून राह्यले... ही तुमची पोरगी का? इतकी शिकली. कशी आहे, म्हणतात."

मुखरूनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे पाहू लागला. मग म्हणाला, "तिचं काय घेऊन बसले भाऊ. काई नाई ते. खराबच निंगाली."

दिव्यानीला दुभाष्याचं काम पुढं करता आलं नाही, कारण ती रडत होती. आणि तो परका म्हातारा, ज्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तिला हातानं थांबवत म्हणाला, "राहू दे. कळलं मला."