फिरती पाळी

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात भट्टी कधी विझत नसे आणि पाळ्या लावणारा मुकादम कुणाचं ऐकत नसे. दोन दिवस सकाळ, दोन दिवस दुपार, दोन दिवस रात्र. कुणी कुरकुर केली की तो म्हणे, "झोपेचं काय घेऊन बसलात? दमलेल्या माणसाला दगडावरही झोप येते!" त्याचा धाकटा भाऊ त्याच भट्टीवर राबत होता. सख्ख्या भावालाही सवलत देत नाही, याचा मुकादमाला कोण अभिमान!

एकदा धाकट्याची बायको मुकादमाच्या घरी आली. "दादा, ह्यांना दिवसा डोळ्याला डोळा लागत नाही. जिना चढताना छाती धरतात. पाळी एकच ठेवा ना."

"अगं, चाळिशी तरी गाठलीय का त्याने? नाटकं करतोय," म्हणत मुकादमाने तिची बोळवण केली.

थोड्याच दिवसांत, भर दुपारी, धाकटा भट्टीसमोर कोसळला.

"बाई, त्याला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही हो!" दवाखान्यात मुकादम डॉक्टरीणबाईंना पुन्हापुन्हा सांगत होता.

"व्यसन नव्हतं, पण झोपही नव्हती," बाई म्हणाल्या. "शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला उसंत मिळते. ते घड्याळ सारखं उलटंपालटं केलं की दाब चढाच राहतो, रक्तवाहिन्या कडक होत जातात. सगळा दोष पाळीचाच, असं मी म्हणणार नाही. पण तो आहेच. कोण लावतं ह्या पाळ्या?"

मुकादम दाराकडे वळला.

"सांगा ना, दादा!" बाकावरून भावजय म्हणाली.

अरेरे! त्या तीन शब्दांनी मुकादम उभा चिरला गेला.

"मीच," तो पुटपुटला.

दुसऱ्याच दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. "पाळ्या अशा फिरवायच्या नाहीत. बदलायची वेळ आलीच, तर मध्ये पुरती विश्रांती द्यायची."

"आणि माणसं कमी पडून भट्टी विझली तर?"

"भट्टी विझून फुटली तर नवी बांधाल, साहेब. माझ्या भावाचं काळीज कुठून आणू?"

मुकादमामागे सगळे कामगार उभे राहिले, तेव्हा कुठे साहेब नमले.

मुकादम ही बातमी घेऊन धावत भावाकडे गेला. धाकटा उशीला टेकून बसला होता. हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला होता. भावजयीने सगळं ऐकून घेतलं.

"इतरांची घरं वाचली, बरं झालं," ती म्हणाली. "आम्ही मागितलं तेव्हा का नाही दिलंत?"



वाचकहो, यंत्राला रात्र नसते, माणसाला असते. ती हिरावून घेतली की काळीज आतल्या आत झिजतं. घरचं माणूस कोसळेपर्यंत ज्याला हे कळत नाही, त्याचं शहाणपण त्याच्या घरच्यांच्या काय कामाचं?