मांसाहारी कूलर

"याले कापू नका," कौसल्या म्हणाली. "हा माह्यासारखाच करून राहिला."

विळी मांडून बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, बादलीत वाकून पाहिलं. वीतभर लांबीचा रोहू पाण्याबाहेर तोंड काढून, गरम चहा फुंकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा तोंडाचा चंबू उघडत आणि मिटत होता. खाटेवर भिंतीला टेकून बसलेली कौसल्याही तेच करत होती. तिचं हृदय थकलं होतं. उन्हाळा वाढला तशी तिला आडवं होणं जमेना, बसूनच डोळा लागायचा. अंगात ताकद यावी म्हणून तिच्या भावानं, कवडूनं, सकाळीच सक्करदऱ्याच्या तलावातून हा मासा जिवंत आणला होता. आता पेशंट आणि औषध समोरासमोर धापा टाकत होते.

"तलावात सारेच असे करून राहिले, बाई," कवडू म्हणाला. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या जाळंच होतं. "पानी तापलं का त्यातली हवा निंगून जाते. पहाटे पाहा तं साऱ्या मासोया वरते येऊन तोंड वासते. मोठ्या पहिले मरते. त्यायले हवा जास्त लागते ना. आंधी असं एखाद्या सालीच होये, आता दरसाल होऊन राहिलं."

"मंग याले परत नेऊन सोड."

"तिथं सोडून का करू? तिथूनच तं आणला."

कवडू निघून गेला. वामनरावांनी विळी मिटली आणि लोट्यानं बादलीतलं पाणी उंचावरून पुन्हा बादलीतच ओतायला लागले. पाचसहा लोटे झाल्यावर मासा तोंड मिटून तळाशी गेला.

"गेला खाली," कौसल्या म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू तीच तळाशी गेली.

वामनराव थांबले. मासा वर आला. त्यांनी पुन्हा लोटा उचलला. एका माशासाठी दिवसभर लोटा घेऊन बसणं शक्य नव्हतं, कारण वामनराव कूलरचे मिस्त्री होते आणि नागपुरात मे महिना लागला होता. महाल भागातले अर्धे कूलर त्यांच्या हाताखालून गेलेले. कोणाचा पंप जळला, कोणाच्या पत्र्याला भोक पडलं, की पहिली हाक त्यांनाच. घरी मात्र त्यांच्याकडे एक टेबलफॅन होता, तोही खोलीतली गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा.

मागच्याच आठवड्यात समोरचे भैय्याजी म्हणाले होते, "वामनराव, डॉक्टर बोलला ना, भाभीले थंडाव्यात ठेवा म्हणून? माझा कूलर घेऊन जा महिनाभर."

"आमच्या खोलीत मावते कुठं, भैय्याजी," असं म्हणून वामनरावांनी विषय संपवला होता. कूलर मावला असता. उपकार मावला नसता.

त्या सकाळी भैय्याजींच्याच कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायच्या होत्या. कूलर गल्लीतल्या खिडकीत, मागची बाजू बाहेर. वामनराव माशाची बादलीही सोबत घेऊन गेले. ताट्या बसवल्या, पंप सुरू केला. पाणी वर चढलं, ताट्यांवरून झिरपत खालच्या टाकीत टपटप पडायला लागलं. वामनराव ते पाहत राहिले. वरून पडणारं, थंड, दिवसभर न थांबणारं पाणी. त्यांचा लोटाच होता तो, फक्त विजेवर चालणारा. इकडेतिकडे पाहून त्यांनी मासा टाकीत सोडला.

भैय्याजींच्या घरात कांदालसूण मागच्या दारानंसुद्धा येत नसे, हे वामनरावांना माहीत होतं. पण संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न होता. संध्याकाळी पाहिलं तर मासा तळाशी पंख हलवत निवांत उभा. त्याला बाहेर काढून पुन्हा बादलीत मारायचं, हे काही मनाला पटेना.

"कसा आहे?" घरी गेल्यावर कौसल्येनं विचारलं.

"मस्त आहे. आपल्यापेक्षा चांगल्या घरी पडला."

ती हसली. हसताना धाप लागली म्हणून थांबली आणि पुन्हा हसली.

दोनतीन दिवस असेच गेले. वामनराव रोज काहीतरी निमित्त काढून पंप तपासायला जात. मग एका दुपारी दारावर थाप पडली. बाहेर भैय्याजी, डोक्यावर ओला पंचा, मागे हातगाडी, हातगाडीवर कूलर. गल्लीतल्या साऱ्या खिडक्या उघडलेल्या.

"वामनराव, हे काय आहे गा?"

वामनरावांनी टाकीत पाहिलं. नवीन काही नव्हतं. "मासा आहे, भैय्याजी."

"माझ्या कूलरमंदी?"

"तब्येतीनं बरा नव्हता तो."

"तीन दिवसापासून आमी माशाच्या आंघोळीची हवा खाऊन राहिलो! माझ्या मायनं याच्यासमोर बसून एकादशी सोडली. मांसाहारी झाला हा कूलर."

"मांस नाही, भैय्याजी. जित्ता आहे."

"जित्ता आहे म्हणून का शाकाहारी झाला?"

हा मुद्दा बिनतोड होता. वामनरावांनी मान खाली घातली. "काढतो मी त्याले. टाकी घासून देतो. तुमी म्हणाल त्या पाण्यानं धुतो."

"ते धुऊन जात नसते. माझ्या दारात नको आता हा. तूच ठेव, आन् भोग." भैय्याजींनी हातगाडीवाल्याला खूण केली. "कुठं ठेवायचा? त्या खाटेसमोर ठेव. तोंड तिकडं कर. थोडा डावीकडं."

कोणी काही प्रेमानं दिलं असतं तर वामनरावांनी हात जोडून परत केलं असतं. शिक्षा कशी परत करणार? त्यांनी गुपचूप वायर जोडली. पंप चालू झाला, टपटप सुरू झाली आणि वाळ्याच्या वासाची हवा खाटेपर्यंत पोचली. शिक्षा नीट लागू झाली की नाही ते उंबऱ्यातून पाहून भैय्याजी निघून गेले.

सूर्य कलताना कौसल्येनं पाठीमागची उशी काढली, खाटेवर ठेवली आणि तिच्यावर डोकं टेकलं. वामनराव पाहत होते. ती आडवी झाली. धाप लागली नाही. तिचा डोळा लागला. टाकीत मासा तळाशी होता. वामनराव दोघांच्या मधे जमिनीवर बसून राहिले, आणि कोणी पाहत नाही हे बघून त्यांनी डोळे पुसले.

नवतपा, म्हणजे मे सरतानाचे ते नऊ जळते दिवस, त्या वर्षी फार कडक गेला. भैय्याजी ओला पंचा डोक्यावर घेऊन ओट्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वामनरावानं आपला धर्म कसा बुडवला ते सांगत. कौसल्या त्यांना कैरीचं पन्हं पाठवी. "यात मासा नाही ना?" असं विचारून ते दोन गिलास पीत.

उन्हाळा सरल्यावर कवडूनं मासा तलावात सोडला. त्यानंतर तलावात कुठंही मोठी मासोळी उसळली की "आपलाच आहे," असं तो सांगायचा. पुढच्या वर्षी भैय्याजींनी नवा कूलर घेतला, आणि वामनराव जुना परत द्यायला गेले तेव्हा टाकीत नाक घालून म्हणाले, "वास येते अजून. राहू दे." त्याच्या पुढच्या वर्षी तेच, आणि त्याच्याही पुढच्या.

अशा आणखी काही उन्हाळ्यांनंतर, एका माघात, थंडीच्या दिवसांत कौसल्या गेली. झोपेतच गेली, सरळ आडवी झोपून.

चैत्र लागल्यावर वामनरावांनी कूलर अंगणात काढला. आतून घासला, पत्र्याला रंग दिला, नव्या ताट्या बसवल्या आणि हातगाडीवर घालून समोर नेला. भैय्याजी आता काठी टेकत चालत. ते ओट्यावरून उतरले, टाकीत वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"वास येते अजून," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

टाकीला ताज्या रंगाचा आणि वाळ्याचा वास येत होता. वामनरावांनीही वाकून पाहिलं.

"येते, भैय्याजी," ते म्हणाले. "लय येते." आणि त्यांनी भैय्याजींचा हात दोन्ही हातांत धरला. भैय्याजींनी तो धरू दिला.

हातगाडी तिथूनच सक्करदऱ्याला गेली. तलाव आटत चालला होता आणि कवडूच्या अंगणात, वाण टिकावं म्हणून वाचवून आणलेल्या मासोळ्या घमेल्यात तोंडं वासून होत्या. वामनरावांनी कूलर कडुनिंबाच्या सावलीत ठेवला, टाकी भरली, पंप जोडला. कवडूनं मासोळ्या आत सोडल्या. पाणी पडायला लागलं.

दोघं उकिडवे बसून पाहत राहिले.

"गेल्या खाली," थोड्या वेळानं वामनराव म्हणाले.

कूलरची हवा समोरच्या रिकाम्या अंगणावरून जात होती. वामनराव उठले आणि तिथं जाऊन बसले.